दीड हात फिल्म

त्याला सगळे रीळमामा म्हणत. एकतीस वर्षं थेटरच्या केबिनमध्ये मशीन चालवलं, थेटर बंद पडलं तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको म्हणायची, "मला ताप आलेला याला कळायचा नाही, पण पंख्याचं बेअरिंग कुरकुरलं की झोपेतनं उठून बसेल!"

ग्रंथपालबाईंनी वाचनालयात जुन्या माहितीपटांची संध्याकाळ ठरवली. तिन्ही रिळं खऱ्या फिल्मची, मशीनही जुनंच. रीळमामा हौसेनं हो म्हणाला. मग त्यानं तिसरा डबा उघडला. आतनं सडत चाललेल्या फिल्मचा आंबट वास भपकन आला. फिल्म आकसलेली. शेवटाकडं दीड हात पट्टीची कडेची भोकं फाटलेली, आणि मशीनचे दाते त्याच भोकांत अडकून फिल्म पुढं ओढतात. त्यानं तो तुकडा उजेडापुढं धरला. नदीवरच्या पुलाचं काम, आणि वेल्डिंग करता करता तोंडावरची झडप वर करणारा एक तरणाबांड गडी. त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. पूल पुरा व्हायच्या आत तो गेला, मागं राहिला ओळखपत्रावरचा पुसट फोटो. रिळाची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

त्याच्या निरोपावरनं आलेली ताई त्या संध्याकाळी पहिली रांग सोडून मशीनला खेटून बसली. "ते आले की जरा थांबव हं."

"ताई, हा मोबाइल नाही. फिल्म थांबली की दिव्यानं जळते."

"एवढी वर्षं काय दिवे लावलेस मग?"

उमेदवारीच्या काळात त्याच्या हातनं एकदा फिल्म अडकली होती. पडद्यावर नटीचा गाल फुगला, तपकिरी झाला, भोक पडलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याला मात्र पुढं कित्येक दिवस जेवण गेलं नव्हतं.

पहिली दोन रिळं सुरळीत गेली. तिसरं लावताना त्यानं तळवे पँटला पुसले. पूल दिसू लागला. मशीन कट-कट-कट चालत होतं, तोवर त्याचा जीवही चालत होता. मग घर्रर्र आवाज आला. बोटानं आधी दिवा मालवला, मन मागनं पोचलं.

अंधारात खुर्च्या करकरल्या. "लाइट गेली का हो?" कुणीतरी विचारलं. ग्रंथपालबाई हलकेच म्हणाल्या, "मामा, राहू द्या. काढा रीळ."

"काढू नकोस," ताई म्हणाली. "तू मला दाखवणार आहेस."

त्यानं मोटर बंद केली. दोन बोटांनी फिल्म एक चौकट ओढली, दिवा लावला, मालवला. झडप अर्धी वर. पुन्हा ओढली. हनुवटी. पुन्हा. नाक, काजळलेला गाल. डोळा लवायला लागतो तेवढाच वेळ उजेड, जास्त नाही. घाम पापणीवरनं ओघळत होता.

ऑपरेटरनं चित्र बघायचं नसतं, मशीनकडं कान द्यायचा. हे त्यानं किती पोरांना शिकवलं होतं. पण झडप पुरी वर गेली, दाजी हसले, आणि त्याची मान पडद्याकडं वळली. हे हसू तो विसरूनच गेला होता. बोट बटणावरच राहिलं. भुवईपाशी तपकिरी ठिपका उठला, फुगू लागला.

"पुरे!" ताई किंचाळली. "जाळशील त्यांना!"

अंधार. जळका वास.

ताईचा हात चाचपडत त्याच्या मनगटावर आला.

"त्यांच्या किती चौकटी राहिल्या अजून?"

त्यानं फिल्मवरनं अंगठा फिरवून मोजलं. "अकरा."

"एकच दाखव. बाकीच्या डब्यात राहू देत."

एकच म्हणजे कुठली, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. त्यानं फिल्म ओढली, मान पुन्हा पडद्याकडं वळू नये म्हणून डोळे मिटले आणि बटण दाबलं.