साडूभाऊ आणि पुढच्या चाकांचे ब्रेक

गाडी पळते कशी हे सगळं जग बघतं. ती थांबते कशी हे बघायला देवाने फक्त आमच्या साडूंना जन्माला घातलं होतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. मूळचे आमच्यासारखेच खानदेशातले, सुरतेत डिंडोलीला राहायचे आणि कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात जॉबर होते; बिघडलेले लूम दुरुस्त करायचे हे त्यांचं काम. नव्वदच्या दशकात त्या मोठ्या, जीपच्या वळणाच्या, सगळं कुटुंब मावेल अशा गाड्या रस्त्यावर नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. त्यातली एक जुनी गाडी साडूभाऊंनी घेतली, तेव्हा गल्लीने तिचा रंग बघितला, पोरांनी हॉर्न वाजवला, आणि हे गृहस्थ पुढच्या चाकाशी उकिडवे बसून बॅटरीच्या उजेडात ब्रेक पॅड किती झिजलेत ते बघत राहिले. पॅड पार झिजले होते. ते त्यांनी लगेच बदलले आणि जुने काढलेले शोकेसमध्ये, पोरीला शाळेत मिळालेल्या कपाशेजारी मांडून ठेवले. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या आणि ते पॅड एकदमच पुढे यायचे. सकाळचा चहासुद्धा ते चाकापाशी बसूनच घ्यायचे.

हे वेड गाडीबरोबर आलं असंही नाही. पोरीचं लग्न ठरवताना त्यांनी मुलाचा पगार विचारला नव्हता. गावाबाहेरच्या उतारावर त्याला सायकल चालवायला लावली आणि तो ब्रेकला हात कुठे घालतो ते बघितलं. मुलाने उतार लागायच्या आधीच ब्रेकवर बोटं ठेवली, आणि तेवढ्यावर सुपारी फुटली. माझी बायको मला म्हणाली, "तुम्हाला ही परीक्षा असती तर मी अजून माहेरीच असते." तिचं खरंच होतं, मला सायकल येत नव्हती.

गाडी घेतली होती ती मात्र एकाच कारणासाठी. लग्नानंतरची पोरीची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. आणि माहेरचं माणूस न्यायला गेल्याशिवाय सासर तिला धाडत नाही. "पहिली आखाजीले मन्ही पोर बापनी गाडीमा बठीसन ई," असं साडूभाऊंनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. तिचं सासर कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीच्या पुढे; आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी निघायचं, सोबतीला मी, असं ठरलं.

घोटाळा झाला तो आवाजामुळे. नवे पॅड ब्रेक दाबला की बारीक किरकिरायचे. आता लूममध्ये जन्म गेलेल्या माणसाला एकच औषध ठाऊक: जे कुरकुरतं त्याला तेल पाजायचं. बापाच्या गाडीत पोर पहिल्यांदा बसणार आणि गाडी किरकिरणार, हे त्यांना सहन होईना. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चाकं काढली आणि दोन्हीकडचे पॅड लूमच्या तेलाने, ब्रश फिरवून, अगदी प्रेमाने माखले. सकाळी गाडी निघाली. साडूभाऊंनी दारासमोरच्या वळणावर ब्रेक दाबला. आवाज अजिबात आला नाही. त्यांनी माझ्याकडे अभिमानाने बघितलं, आणि गाडी तशीच शांतपणे पुढे जात राहिली. ती थांबली ती थेट आक्कांनी खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांत, म्हणजे बिबड्यांत. आक्का ओट्यावरूनच म्हणाल्या, "थांबाले जागा बरी सापडनी."

कतारगामहून बोलावलेल्या मेकॅनिकने पॅडला बोट लावून वास घेतला. "काका, ये तो तेल पी गया. अब पकडेगा नहीं, नया डालो." साडूभाऊ ऐकतात कुठले. त्यांनी ते पॅड पेट्रोलने धुतले, सोड्याने घासले, राखेत पुरले, पत्र्यावर उन्हात तापवले. वाचलेल्या बिबड्या वाळल्या, पण पॅड काही सुधारले नाहीत. या गाडीचे नवे पॅड दुकानात दुसऱ्या दिवशी येणार होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, जाताना सगळा चढच आहे. मागचे ब्रेक धरतात, हळूहळू जाऊ."

"जाताना चढ शे, येताना उतार," ते म्हणाले. "आन येताना पोर ऱ्हाई गाडीमा."

आखाजीच्या सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधी ते पायरीवर बसलेले होते. पॅड स्वतःच्या हाताने बसवले, पॅड जिला धरतात ती चाकाची डिस्क पुसून पुसून कोरडी केली. एवढ्यावर निघावं की नाही? नाही. नवे पॅड डिस्कशी नीट बसले पाहिजेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायची, हळूच थांबवायची, पुन्हा चालवायची, असं सुरू झालं. मला घड्याळाकडे बघवेना. पण त्या चेहऱ्याकडे बघून घाई करा म्हणायची माझी छाती झाली नाही.

साक्रीच्या पुढे पोरीच्या गावी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. झोके रिकामे झाले होते, बायका घरोघरी परतत होत्या. पोर ओट्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, आणि ती कालपासून अशीच बसून होती असं तिच्या सासूने सांगितलं. पोर गाडीकडे बघेचना. म्हणाली, "आप्पा, एस्टीमा बठीसन येवानं व्हतं ना."

साडूभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. दोन दिवसांच्या त्या खटाटोपात एस.टी. म्हणून काही असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोंडाईबारीचा घाट उतरताना ती पुढे, बापाशेजारी बसली होती. रुसलेलीच होती. ब्रेक उत्तम लागत होते, तरी प्रत्येक वळणावर साडूभाऊंचा डावा हात आपोआप तिच्यापुढे आडवा जायचा. "आप्पा, हात स्टेरिंगवर ठेवा," ती म्हणाली. ते ठेवायचे, आणि पुढच्या वळणावर हात पुन्हा तिथेच. घाट संपत आला तेव्हा तिने तो धरला आणि मग सोडलाच नाही.

साडूभाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोर स्वतः गाडी चालवते. परवा मी तिच्या शेजारी बसलो होतो. समोर गाय आली, तिने ब्रेक दाबला, आणि तिचा डावा हात माझ्यापुढे आडवा आला. तिला ते कळलंही नाही.