पहिलीच्या वर्गात खताची पोती

वर्गाचं दार उघडलं आणि खताचा उग्र वास नाकात गेला. दारापासून फळ्यापर्यंत पोतीच पोती. मागे अंगणात नवे कपडे घातलेली लेकरं, त्यांच्या आया. आणि फाटकासमोर लातूरच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन. ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न देत होता. त्याला घाई नव्हतीच.

रेणापूर तालुक्यातली ही आमची जिल्हा परिषदेची शाळा. मेच्या उन्हात घरोघर फिरून मी पहिलीचा पट जमवला होता. पट म्हणजे वर्गात नावं असलेल्या मुलांची संख्या. तो घसरला की एक शिक्षक उचलून दुसऱ्या गावाला टाकतात आणि उरलेल्यांच्या गळ्यात दोन-दोन वर्ग येतात. नाव घातलेलं मूल पहिल्या दिवशी व्हॅनमध्ये चढलं, तर परत येत नाही.

"हेडसर, खोली तयार आहे म्हणाला होतात तुम्ही."

"होती हो. काल संध्याकाळी अप्पांचं खत उतरलं. पेरणी झाली की उचलतो म्हणालेत."

"आणि पहिली कुठं बसवू?"

"व्हरांड्यात बसवा की, चौथीच्या शेजारी. आज प्रवेशोत्सव आहे. वाद नको."

प्रवेशोत्सव म्हणजे नव्या मुलांना फूल, खाऊ, पुस्तकं देऊन वर्गात घ्यायचं आणि त्याचे फोटो वर पाठवायचे. वर्गच नसला तरी फोटो पाहिजेत.

अप्पा म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. पालकांच्या कमिटीचे प्रमुख. गावातलं खताचं दुकानही त्यांचंच. सुट्टीत शाळेच्या किल्ल्या अध्यक्षांकडे ठेवायच्या, ही आमच्याकडची पद्धत. शाळेवर लक्ष राहतं म्हणे. राहिलं की!

कडक इस्त्रीचा शर्ट घालून अप्पा आले.

"अप्पा, पोती काढा."

"गुर्जी, हमाल समदे रानात गेलेत. चार दिस दम धरा की."

"एक दिवस पण नाही."

"तुमच्या बापाची खोली हाय का?"

"तुमच्या पण बापाची नाही. लेकरांची आहे."

हेडसर माझा दंड धरून मागे ओढायला लागले. मी हात झटकला.

डी.एड. करताना मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली केली आहे. समोरच्याला काय पाहिजे ते कळल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हे तिथं शिकलो. अप्पांना फोटो पाहिजे होता. मी मोबाइल काढला.

"बरं. प्रवेशोत्सव याच खोलीत करू. मधी तुम्ही, बाजूला लेकरं, मागं तुमची पोती. तालुक्याच्या साहेबांना इथूनच पाठवतो."

"धमकी द्यायलाव का गुर्जी?"

"भाव सांगायलोय."

अप्पांनी दात खात फोन लावला. रानात गेलेले हमाल टेम्पोसकट लगेच हजर.

पोती निघत असतानाच एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. मेमध्ये याच घरी मी दोनदा जाऊन बसलो होतो, तेव्हा कुठं नाव मिळालं होतं.

"गुर्जी, तुमचं भांडण चालू द्या. ऊन चढायलंय, पोरगी रडायलीय. हिला बसवू कुठं?"

"ताई, थोडं थांबा. खोली मोकळी व्हायलीय."

"तिकडं बसायला सीट तरी हाय," ती म्हणाली आणि फाटकाकडे चालायला लागली. मी मागोमाग गेलो. व्हॅनचं दार माझ्यासमोर बंद झालं.

खोली धुतली, सतरंज्या टाकल्या, बाकीची मुलं बसली. मग अप्पांनी भाषण केलं, "शाळेची अडचण बगून मी सोता ही खोली मोकळी करून दिली." पहिली टाळी हेडसरांनी वाजवली. अहवालात 'अध्यक्षांचे मोलाचे सहकार्य' असं गेलं. माझ्या वाट्याला 'भांडखोर' आलं. ते मला चालतं. ती मुलगी गेली, ते अजून चालत नाही.

नव्या शिक्षकांना ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसासाठी गाणी आणि खेळ शिकवतात. शिका. पण शाळा उघडायच्या आठवडाभर आधी किल्ल्या मागून घ्या आणि वर्ग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हेडसरांच्या शब्दावर जाऊ नका. भांडायचं ते तेव्हाच भांडा. पहिल्या दिवशी कोण बरोबर आहे, हे आई बघत नाही. आपलं लेकरू कुठं बसलंय, एवढंच बघते.