मालनबाई आणि काळ्या कोटातला हेर

मुलांनो, तुमची कोरेगावची आजी सिनेमा बघताना पडद्यावरच्या माणसांशी बोलत असे. कुजबुजून नव्हे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारावी तशा आवाजात. "आरं, मागं बघ मागं! जिन्याखाली बसलाय त्यो!" एकदा पुढच्या रांगेतला एक तरुण वळून म्हणाला, "आजी, जरा हळू." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "आरं बाळा, त्याला मागनं गोळी घालाय लागल्यात आन मी गप बसू व्हय?" तो तरुण हसला. मध्यंतरानंतर तोच वळून विचारायला लागला, "आजी, आता काय होणार?"

ईशानला त्या थोड्याफार आठवत असतील, मीरा अगदीच लहान होती. गेल्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. त्या कशा होत्या हे तुम्हाला नीट माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

मालनबाई म्हणजे तुमच्या आईची आई, माझ्या विहीणबाई. कोरेगावजवळ त्यांचा ऊस आणि घेवडा. यजमान फौजेत होते, त्यामुळे तरुणपणी त्या देशभरच्या छावण्यांत राहून आलेल्या, आणि त्यांच्या बोलण्यात फौजेतले हिंदी शब्द कायमचे राहिलेले. मी साताऱ्यात वाढलेली, इंग्रजी घेऊन शिकलेली. तुमच्या आईबाबांच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं आमच्यात मानपानाचीच भाषा होती. त्या माझी ओटी भरत, मी त्यांची. "ऊस गेला का कारखान्याला?" असं मी विचारायची, "गेला की," असं त्या सांगायच्या, आणि मग आम्ही दोघी चहाकडे बघत बसायचो.

हे बदललं ते एका मे महिन्यात. डोळे दाखवायला त्या साताऱ्याला आल्या होत्या आणि डॉक्टर संध्याकाळी भेटणार होते. ऊन मी म्हणत होतं. निदान गारव्यात बसू म्हणून मी त्यांना नव्या थिएटरात नेलं. लागला होता एका हेराचा सिनेमा. त्यातला नायक काळ्या कोटात पुलावरून उडी मारतो, नदीतून पोहत बाहेर येतो, चार जणांना लोळवतो, आणि कोटाची घडी मोडत नाही. मला हसू आवरेना. मालनबाईंनी मात्र माझं मनगट घट्ट धरलं. "इस्त्री बगा, इहीणबाई, इस्त्री!"

बाहेर आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, "मालकांच्या वर्दीला मी कांजी घालायची. घडीवर बोट कापंल आशी कडक. ज्याचा कपडा नीट, त्याची ड्यूटी नीट."

पण त्या सिनेमात त्यांना सर्वांत आवडला तो एक लहानसा प्रसंग. कामगिरीवर निघण्याआधी हेर आईला भेटायला जातो. ती ताट वाढते. तो उभ्याउभ्याच दोन घास खातो आणि निघतो. मालनबाईंनी पदर डोळ्याला लावला. "खरं हाय. छुट्टी आशीच आसती." त्या दिवसापासून तो नायक 'आपलं पोरगं' झाला. पुढे टीव्हीवर तो सिनेमा लागला की त्या मला फोन करत. "लावा लावा, आपलं पोरगं आलंय!" सांगायला हरकत नाही, मी लावत असे.

दुसरा भाग येणार ही बातमी त्यांना ईशाननेच दिली, व्हिडिओ कॉलवर. "आजी, तू आधी बघ. तू चांगला म्हणालीस तरच मी बघणार." मालनबाईंनी ही जबाबदारी फार मनावर घेतली. अडचण एवढीच होती की सिनेमा लागायचा दिवस आणि सांगलीला त्यांच्या भाच्याच्या लग्नातल्या हळदीचा दिवस एकच होता.

मीही त्यांच्याबरोबर सांगलीला गेले होते. त्या दिवशी सकाळी तिथेच तुमच्या आईचा, अश्विनीचा, फोन आला. नाताळात तुम्ही सगळे परदेशातून येणार होता, ते रहित झालं होतं. मालनबाईंनी फोन ठेवला आणि हातातल्या बांगड्या सारख्या करत मला म्हणाल्या, "अश्विनीला छुट्टी गावली न्हाई." आणि मग, "चला, पिक्चर तरी बगू."

नवरदेवाला हळद लावून झाली आणि आम्ही मांडवातून सटकलो. त्या काठापदराच्या लुगड्यात, मी सिल्कच्या साडीत, दोघींच्याही गालांना हळद, आणि त्यांच्या पिशवीत भडंग. तिकीट तपासणाऱ्या मुलाने आमच्याकडे बघून विचारलं, "आजी, लग्न कुणाचं?" मालनबाई म्हणाल्या, "आमचं न्हवं बाबा. सोड आत!"

या खेपेला नायकाचा कोट पांढरा होता. "आता ह्यो कसा मळंना?" म्हणून मालनबाई खूश. गाड्या उडाल्या, काचा फुटल्या, बर्फावरून पाठलाग झाला. पूर्वार्धभर त्यांनी त्याला डावीकडून, उजवीकडून सावध केलं. मध्यंतरानंतर मात्र त्या बोलेनाशा झाल्या. शत्रू अगदी दाराआड उभा होता, तरी गप्प. मला वाटलं, धावपळीने थकल्या असतील. सिनेमा संपला. सगळी नावं वर सरकून जाईपर्यंत त्या नेहमीसारख्या बसून राहिल्या. "एवढी मानसं राबल्यात," असं त्या एरवी म्हणायच्या. त्या दिवशी तेही म्हणाल्या नाहीत.

मांडवात परतलो तर भाचरं वाटच बघत होती. "आत्या, कसा हाय?"

"लय भारी! पयल्यापरास भारी! जावा, बगून या!"

ईशानलाही रात्री तेच सांगितलं. मी चकित झाले.

लग्न उरकून आम्ही एसटीने साताऱ्याला निघालो. कराड मागे पडल्यावर मी विचारलं, "मालनबाई, खरं सांगा. आवडला का?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "गाड्या भारी. कोट भारी. पर इहीणबाई, ह्या खेपेला त्यो घरी गेलाच न्हाई की."

"कुणाच्या घरी?"

"आवं, आईच्या! पयल्यांदा दोन घास खाऊन गेला. म्हातारी जित्ती हाय का मेली, कुणी इचारलंबी न्हाई. म्या शेवटपतोर वाट बगितली. आता जाईल, मग जाईल. एवढा मोठा हापिसर, त्याला छुट्टी देत न्हाईत व्हय?"

"मग सगळ्यांना लय भारी का सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होत्या, एवढं शिकून मला हे कसं कळत नाही. "आपल्या पोराची उणीदुणी मांडवात सांगत्यात व्हय?"

मग त्यांनी पिशवीतलं उरलेलं भडंग काढलं आणि आधी माझ्या हातावर ठेवलं.

पुढच्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला तेव्हा मी तिला मालनबाईंचं हे मत शब्दशः सांगितलं. सिनेमाबद्दलचं फक्त. माझ्याकडून एकही शब्द वाढवला नाही. तिने मला फोनवर थांबवून सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडलं. मग म्हणाली, "आई, मी मेमधलं बघते."

आणि मे महिन्यात तुम्ही आलात. मालनबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमी काय सांगितलंसा जनू?"

"मी पिक्चरची गोष्ट सांगितली."

"आन त्येवढ्यावर इमानाची तिकिटं काढली?" त्या म्हणाल्या, पण त्यांना हसू लपवता येत नव्हतं.

कोरेगावचा तो पहिला दिवस ईशानला आठवतो का? चुलीवर घेवड्याची आमटी, बाजरीची भाकरी, ताटात लोण्याचा गोळा. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला होता आणि ईशानला त्यावर बसायची घाई. ताट उचलून तो उभ्यानेच खायला लागला. मालनबाईंची भाकरी न उलटता तव्यावरच राहिली.

"बस खाली," त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी थिएटरातसुद्धा ऐकला नव्हता. मग हळूच, "ट्रॅक्टर कुटं जात न्हाई, बाळा. माज्याम्होरं बसून खा."

ईशान बसला. मांडी घालायची सवय नव्हती, तो कलंडला आणि आमटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. तुमची आई धावली, मी पाणी आणायला उठले. मालनबाईंनी आम्हा दोघींना हाताने थांबवलं, वाटी पुन्हा काठोकाठ भरली आणि त्याच्या पुढ्यात सरकवली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "घरात मळल्यालं चालतंय."