बेंबी सरकली, तांब्या बसला!

माझी उजवी किडनी तीन महिने बोंब मारत होती आणि मी तिला हिंग देत होतो.

मी अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. (नाइलाजाने सांगतोय, नंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.) अहमदपूर तेव्हा नुकतंच नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं. नवा जिल्हा झाला की नळाला पाणी येणार, अशी अख्ख्या गावाची समजूत. आला तो फक्त नवा शिक्का! पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. गल्लीत टँकर यायचा तो चार-चार दिवसांनी, आणि आला की घागरी घेऊन बायका अशा धावायच्या की ड्रायव्हर टपावर चढून बसायचा.

अशा वेळी शिक्षकाने आदर्श घालून द्यायला नको? मी वर्गात जाहीर केलं, "आजपासून मी दिवसाला दोनच फुलपात्रं पाणी पिणार!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी टाळ्या वाजल्या नाहीत.

"उंट हायेत का तुम्ही?" माझी बायको मंगल म्हणाली. "माझ्या वाटणीचं घ्या, पण पाणी प्या."

"त्याग करावा लागतो, मंगल!" मी म्हणालो. जीभ टाळूला चिकटली होती, तरी म्हणालो.

महिनाभरात उजव्या कुशीत कळ येऊ लागली. यायची, मला जमिनीवर गडाबडा लोळवायची आणि निघून जायची. वात आहे, असं निदान मी स्वतःच केलं आणि हिंग खायला लागलो. मूत्रपिंडाचा धडा मी अकरा वर्षं नववीला शिकवत होतो. फळ्यावर रंगीत खडूने अशी झकास किडनी काढायचो की मुख्याध्यापक बघायला यायचे! पण फळ्यावरची किडनी कधी दुखली नव्हती, त्यामुळे ओळख पटली नाही.

"दवाखान्यात चला," मंगल रोज म्हणायची.

"वात आहे गं."

"लई टिकाऊ वात हाय तुमचा! तीन महिने झाले, दुखूनच राहिलंय!"

मग एका रविवारी सकाळी कळ आली ती जायलाच तयार होईना. मी घरभर रांगत होतो. मंगल रिक्षा बघायला बाहेर पडली, तेवढ्यात माझा आरडाओरडा ऐकून शेजारच्या सोजरबाई आल्या. सरकलेली बेंबी जागेवर बसवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. त्यांनी माझं पोट चाचपलं आणि मान हलवली.

"गुरुजी, बेंबी सरकली की वो तुमची! चांगली दोन बोटं!"

विज्ञानाच्या शिक्षकाने यावर काय म्हणावं? मी म्हणालो, "बसवा."

त्यांनी मला उताणं पाडलं, पोटावर कणकेचा दिवा लावून ठेवला आणि त्यावर पितळी तांब्या पालथा घातला. दिवा विझतो, तांब्या पोट आत ओढतो, बेंबी जागेवर येते आणि मग तांब्या आपोआप सुटतो. माझा सुटला नाही.

"ओढा की!" मी ओरडलो.

"वढायचा न्हाई, गुरुजी! बेंबी तांब्यात यील!"

"मग आता?"

"मला बी ठाव न्हाई. दरवेळी लहान गिलास घेते. आज म्हणलं, गुरुजी हायेत, मोठा घ्यावा." (शिक्षकांना समाजात मान राहिला नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवावं.)

मंगल परतली तर नवरा उताणा आणि त्याच्या पोटावर घरातला सगळ्यात मोठा तांब्या! त्याच क्षणी मला भडाभडा उलटी झाली. पुढे तिने कोणाचं ऐकलं नाही. "माझा भाऊ नांदेडला हाय. तिथला डॉक्टर गाठू. उठा!"

सदऱ्याची बटणं लागेनात, म्हणून तिने मला वरून शाल गुंडाळली. एप्रिल महिना होता! एसटीत प्रत्येक खड्ड्याला तांब्या समोरच्या सीटच्या दांडीवर 'टण्ण' वाजायचा. कंडक्टर दचकून घंटीच्या दोरीकडे बघायचा. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने हळूच शालीला बोट लावलं.

"तांब्या हाय का?"

"हाव," मी कण्हलो.

"पाणी हाय का त्यात?"

"न्हाई हो, काका!"

"न्हाई कसं? रिकामा तांब्या कोण लपवून न्हेतं?" आणि त्याने मागे वळून घोषणा केली, "पाणी पोटाला बांधून न्हेऊन राहिले हो लोक!" अर्धी बस आशेने उठून उभी राहिली.

नांदेडच्या डॉक्टरांनी शाल काढली, तांब्याकडे बघितलं, काठाशी बोट रोवून कातडी जराशी दाबली. पक्! तांब्या सुटला.

"काय करता आपण?" त्यांनी विचारलं.

"शिक्षक."

"विषय?"

मी शाल तोंडावर ओढून घेतली. उत्तर मंगलने दिलं.

"हवेचा दाब शिकवता?"

"सातवीला," मी पुटपुटलो.

"आणि मूत्रपिंड?"

"नववीला."

डॉक्टरांनी हसू आवरून मला एक्स-रे काढायला पाठवलं, हे त्यांचे उपकार. पण एक्स-रे बघितल्यावर त्यांचा चेहरा बदलला. उजव्या मूत्रवाहिनीत खडा अडकला होता. लघवी वर तुंबून नळी फुगली होती, किडनीही फुगली होती आणि त्या दाबाने आतलं मांस झिजत चाललं होतं. "तीन महिने अंगावर काढलंत," ते म्हणाले. "किडनी ठेवता येईल की काढून टाकावी लागेल, ते उघडल्यावरच कळेल."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. मंगलचा हात घट्ट धरला. आणि तीन महिने ही बाई रोज एकच वाक्य म्हणत होती, याची मला मनापासून लाज वाटली.

ऑपरेशन झालं. खडा हरभऱ्याच्या डाळीएवढाच निघाला! दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ आले. किडनी वाचली होती, पण तिचा बराच भाग कायमचा कामातून गेला होता.

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर तिला समजावू लागले, "ताई, काळजी करू नका. देवाने जोडी दिलीय. एक नुसती नावाला असली, तरी दुसरी सगळा भार एकटी ओढते."

मंगलने पदराने डोळे पुसले.

"ते मला नका सांगू, डॉक्टरसाब. चौदा वर्षं झाली आमच्या लग्नाला!"

नर्स हसली, डॉक्टर हसले, पलीकडच्या खाटेवरचा पेशंट सलाईनसकट हसला. मी एकटाच हसलो नाही. टाके ओढत होते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.