प्रज्ञाचं लोखंड

भिंती पातळ आहेत, त्यात माझा काय दोष? शेजारच्या डोंगरे वहिनींकडचं सगळं मला आयतंच कळतं. त्यांची प्रज्ञा पीएच.डी. करत होती, तेव्हाचे किस्से तर इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो.

*

लोखंडाचा बारीकसा कण दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून दाबायचा. दाब फार वाढला की आतल्या अणूंची रचनाच बदलते, ती एक्स-रेवर दिसते. हे तिचं काम. हिरे म्हटल्यावर मी अंगठीच पुढे केली. खरा आहे का बघ म्हटलं.

तिने उजेडात धरून पाहिली. "काकू, याला फार दाबू नका."

*

रचना म्हणजे काय, ते मला कळेना. मग मंडईत तिने सरळ संत्र्यांच्या ढिगाला हात घातला. आधी एकावर एक ठेवली, मग वरची खालच्यांच्या खाचेत बसवली. संत्री तेवढीच, जागा मात्र कमी.

संत्रीवाला शांतपणे म्हणाला, "ताई, हेच करायचं होतं तर एवढं शिकलात कशाला?"

*

तिला बघायला हिंजवडीचा एक सॉफ्टवेअरवाला आला. हे सगळं हल्ली कॉम्प्युटरवर काढता येतं, प्रत्यक्ष करायची गरजच काय, असं त्याचं म्हणणं.

प्रज्ञा म्हणाली, "माझा बायोडाटा होता ना तुमच्याकडे? मग प्रत्यक्ष कशाला आलात?"

चहा मीच नेला होता, म्हणून ऐकायला मिळालं.

*

मग रचना बदलायच्या आधीच एक हिरा तडकला. सर म्हणाले, झालं तेवढ्यावर थिसिस लिही. इकडे आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलेलं, सोमवारी रुजू व्हायचं, गाडी न्यायला येणार. घे म्हणून सगळे मागे लागलो, मीही. वहिनींनी तर बोलणंच टाकलं.

शेवटी ती म्हणाली, "दुसरा हिरा मागवलाय. सोमवारपर्यंत लोखंड बदललं नाही, तर मुकाट्याने नोकरी. बदललं, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

*

सोमवारी सकाळी ती लॅबमधून आली. दारातच आईला काहीतरी सांगितलं (मला ऐकू आलं नाही) आणि चपलांसकट आडवी झाली.

नऊला खाली कंपनीची सुमो हॉर्न वाजवायला लागली. वहिनी गॅलरीत आल्या. मीही माझ्या गॅलरीत होतेच.

"भाऊ, ती येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "तिचं लोखंड बदललं."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं.

"बदललं म्हणतायत ना," मी म्हटलं. "मग हॉर्न कशाला वाजवताय? पोरगी झोपलीय."