शेवट पाहून ठेवजा

पडद्यावर कुणीतरी ओक्साबोक्शी रडत असे, पेटी आणि सारंगी जोरात वाजत असत, आणि नेमकी त्याच वेळी ती उठून उभी राही. रिकामी टोपली कमरेवर घेई, पदर खोची आणि रांगेतल्या बायकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडताना माझ्याकडे वाकून म्हणे, "शेवट पाहून ठेवजा बाई. उद्या सांगजा."

मागून बायका करवादत, "अवो, बस ना खाली! काई दिसून नाही राहिलं!" तिला त्याचं काही नसे. तिला गाडी गाठायची असे.

ती आमची फुलवाली. बडनेऱ्याच्या अलीकडे तिचा मळा होता. पहाटेच्या गाडीनं ती अमरावतीला येई, घरोघरी पूजेच्या पुड्या टाकी, उरलेली फुलं देवळापाशी विकी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. रविवारी मात्र फुलं विकून झाली की थेट टॉकीज. तीनचा खेळ म्हणायचे, पण हॉल भरल्याशिवाय मालक दिवे काही घालवत नसे. त्यामुळे खेळ लांबे आणि गाडी काही तिच्यासाठी थांबत नसे. लढाईच्या आधीच्या त्या वर्षांत तिनं कितीतरी बोलपट पाहिले, आणि एक सोडला तर त्यांतल्या एकाचाही शेवट तिनं पाहिला नव्हता.

तो पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे, आणि रविवारी वहिनीबरोबर टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला बसत असे. आमच्यापुढे एक मळकट पडदा असे. दिवे गेले की तो सर्रकन बाजूला सरके, दिवे आले की पुन्हा ओढला जाई. अंधारात पुरुषांनी आम्हाला पाहिलं तर चालत असावं.

सोमवारी सकाळी ती परसदारी येई. वहिनीच्या हातात देवाची पुडी आणि वेणी देई, मग पायरीवर ऐसपैस बसे आणि मला हाक मारी.

"हं. मंग?"

मी शाळेची घाई विसरून शेवट सांगत असे. ती हनुवटीला हात लावून ऐके, आणि संपलं की बहुधा एकच निकाल देई, "मले नाही पटलं."

तिला न पटण्याची कारणं तुम्ही ऐकायला हवी होती. आपण सारेच सिनेमाबद्दल बोलतो; नटी कशी दिसली, गाणं कसं म्हटलं, फार तर कथानक कुठे रेंगाळलं. तिचं बोट भलतीकडेच जाई.

"पिक्चरमधी कोनीच जेवत नाही, पायलं का तुमी? सकायपासून पोट्टी रडून राहिली, तिले कोनी भाकर तरी इचारली? उपाशी मानूस रडनच ना!"

तेव्हापासून मीही पाहू लागले. खरंच कोणी जेवत नसे. ताटं वाढली जात आणि नेमका कोणीतरी वाईट बातमी घेऊन येई.

एकदा नायकानं बागेत नायिकेसाठी गुलाब तोडला. सगळा हॉल सुस्कारे टाकत होता. ही माझ्या कानाशी पुटपुटली, "मेल्यानं कळी तोडली. फुललेलं बाजूलेच होतं." दुसऱ्या एका बोलपटात तिला खलनायकच आवडला. मी म्हटलं, "मावशी, त्यानं त्या बिचाऱ्यांचं घर बळकावलं ना!" तर म्हणाली, "थो एकटाच काम करून राहिला होता बाई. बाकीचे तं नुस्ते गाऊन राहिले होते." गाण्यांवर तिचा राग नव्हता, पण गाणं लांबलं की तिला मळा आठवे. एवढ्या वेळात एक वाफा निंदून झाला असता, असं ती अगदी गंभीरपणे म्हणायची.

शेवट पटला नाही की ती तिथल्या तिथे नवा करी. तो शेवट गाडीत, मळ्यात, देवळापाशी सगळीकडे सांगत सुटे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना बोलपट ठाऊक होते ते तिच्या शेवटांसकट. पुढे कोणी खरा शेवट सांगितला, तर त्या त्यालाच खोटं पाडत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं लग्न लहानपणी झालं होतं, आणि वर्षाच्या आत तापानं ते संपलंही होतं. नवऱ्याचा चेहरा मला धड आठवत नाही. भावानं मला घरी आणलं. दादा वकील आणि सुधारक. त्यानं माझे केस राखले, मला शिकवलं, शाळेत नोकरीला लावलं, नागपूरहून तपासणीला येणाऱ्या बाईंसमोर उभं राहायला शिकवलं. दादानं माझ्यासाठी फार केलं. पण त्याची सुधारणा तिथवर येऊन बसली होती. माझ्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि फुलवालीच्या टोपलीत माझ्या नावाचं फूल नव्हतं. याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

एका वर्षी अकोल्याच्या एका शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी मला मागणी घातली. दादाच्या ओळखीचे होते, दोन-चारदा घरी आले होते. दादा मला म्हणाला, "तुझी इच्छा असेल तसं." आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. माझी इच्छा होती. पण "हो" हा शब्द घरातल्या घरात कुठे उभं राहून म्हणायचा, हेच मला कळेना. देवघरापाशी? चुलीपाशी? महिने जात होते. मास्तर बिचारे वाट पाहत होते.

आणि अशात टॉकीजला एक बोलपट लागला. मोठ्या घरातली एक तरुण विधवा, गावात आलेला एक भला डॉक्टर, आणि दोघांच्या मधे सगळं गाव. मी पदराआड श्वास रोखून पाहत होते. शेवटाकडे ती मुलगी हातात दिवा घेऊन दारात उभी राहते, बाहेर वारा सुटलेला असतो. एवढ्यात शेजारी टोपली हलली. "शेवट पाहून ठेवजा बाई," म्हणून फुलवाली निघून गेली.

सोमवारी ती पायरीवर बसली. "हं. मंग?"

"ती नदीवर गेली," मी म्हटलं.

"दिवा घेऊन? पानी आनाले येवढ्या वाऱ्यात कावून गेली?"

"पाणी आणायला नाही," मी म्हटलं. मग तिला कळलं. तिनं टोपली जोरात खाली ठेवली.

"जीव देल्ला? अवो, पन कायले? थो डाक्टर तं राजी होता ना! मंग पाट कावून नाही लावला? पाट लावला असता तं पिक्चर अर्ध्यातच संपला असता, लोकं घरी गेले असते!"

"मावशी, विधवेचा पाट लावायची रीत आमच्यात नाही," मी म्हटलं. तोंडून "आमच्यात" निघून गेलं आणि माझं मलाच ते ऐकू आलं. वहिनी आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

फुलवालीनं टोपलीतली फुलं सारखी केली. मग शेतातली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "माहा पाटच झाला ना बाई. पयला गेला, मी लय रडली. मंग बापानं पाट लावून देल्ला. वाजंत्री नाही, मांडव नाही. चार मानसं अन् सयपाक. दोन पोरं झाले, मळा झाला." ती उठली. जाता जाता म्हणाली, "नाही. मले नाही पटलं." पण त्या दिवशी तिनं नवा शेवट काही केला नाही.

पुढच्या रविवारी तोच बोलपट होता. मी गेले नाही. मला पुन्हा ती नदी पाहवली नसती. सोमवारी ती उशिरा आली. डोळे तांबारलेले, पाय सुजलेले. पायरीवर टेकली आणि स्वतःच बोलू लागली.

"काल म्या शेवट पायला. गाडी गेली, मी पायीच घरी गेली. तुमी सांगतलं थे खरं होतं बाई. थे नदीत शिरली."

"मी खोटं कशाला सांगीन?"

"म्या हाक मारली तिले. उभी राहिली अन् मोठ्यानं हाक मारली, 'अवं पोरी, थांब! फिर माघारी!' सारे हासले. तिकडून मानसंबी हासले. एक जन म्हने, 'बुडी येडी झाली.'"

मलाही हसू आलं असतं, पण तिचा चेहरा पाहून आलं नाही.

"मले का समजत नाही का थे पडद्यावर हाय? समजते. पन कोनी तरी हाक मारा लागते ना? येवढे लोकं बसले होते, शिकेल-सवरेल, वकील, मास्तर. सारे रुमालानं डोये पुसून राहिले. हाक एकानंबी नाही मारली."

मग तिनं माझा हात धरला. तिचा हात फुलांच्या पाण्यानं गार होता. इतक्या वर्षांत तिनं मला कधी "तुमी" सोडून हाक मारली नव्हती.

"तुह्या वयनीनं सांगतलं मले अकोल्याच्या मास्तराचं. म्हनून तुलेबी मारून राहिली हाक. ऐकू येते का तुले, माय?"

मी रडले. आतून वहिनी बाहेर आली, तीही रडत होती. महिनोन्‌महिने घरात जे कोणी बोललं नव्हतं ते परसदारच्या पायरीवर एका फुलवालीनं बोलून टाकलं होतं. मी तशीच ओल्या डोळ्यांनी दादाच्या खोलीत गेले. तो कागद वाचत होता. मी दारातच उभी राहून म्हटलं, "दादा, मास्तरांना हो कळव." कुठे उभं राहून म्हणायचं हा प्रश्न असा सुटला. दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि इतकंच म्हणाला, "बरं झालं." त्यालाही कोणी हाक मारायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

लग्न अकोल्याला झालं, मोजक्या माणसांत. काही नातेवाईक आले नाहीत. फुलवाली आली. भरली टोपली घेऊन गाडीनं एकटी आली. स्वतःच्या हातानं माझ्या केसांत वेणी माळली, जरा मागे सरकून पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "सयपाक काय हाय?" आम्हा दोघांना तिनं समोर बसवून जेवायला लावलं. मास्तरांनी लाजून एकच पोळी घेतली, तर त्यांना दटावलं, "पोटभर जेवा, जवाईबापू. हा पिक्चर नाही."

पंगत उठायच्या आत तिनं टोपली कमरेवर घेतली. मी उठू लागले तर मला हातानंच खाली बसवलं.

"गाडी हाय माही. बस तू. शेवट पाहून ठेवजो."

नंतर माहेरी गेले की ती भेटत असे. पायरीवर बसून माझ्या संसाराचंही "हं, मंग?" करून ऐके. मास्तरांबद्दल तिला बोलपटांपेक्षा कमी तक्रारी होत्या. एका उन्हाळ्यात गेले तर परसदारी एक तरुण बाई पुड्या देत होती. तिची सून. म्हणाली, "गेली बाई सासू. मोगऱ्याचे वाफे शिंपता शिंपता बसली, थे उठलीच नाही." टॉकीजमधून उठून जावी तशीच गेली होती ती. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मध्यंतरी अकोल्याला तोच जुना बोलपट पुन्हा लागला. आम्ही दोघं गेलो. आता बायकांपुढचा पडदा गेला होता, आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. ती मुलगी हातात दिवा घेऊन दारात येऊन उभी राहिली. वारा सुटला. पेटी आणि सारंगी जोरात वाजू लागली.

मी उठले. पदर खोचला. मागून कोणीतरी करवादलं.

"अगं, संपलं नाही अजून," मास्तर म्हणाले.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "चला, घरी जाऊन जेवू."