जेवणानंतरची प्रार्थना

आमच्या घरात भोजनाच्या दोन प्रार्थना आहेत. ताट वाढल्यावर अन्नावर आशीर्वाद मागायचा आणि जेवण संपल्यावर, हात धुण्यापूर्वी, देवाचे उपकार मानायचे. पहिली प्रार्थना माझी, दुसरी पत्नीची. ही वाटणी तिनेच लग्नानंतर लगेच केली होती. "मागायचं तुम्ही, मानायचं मी. तुम्हाला मागायचा सराव आहे," असे ती तेव्हा म्हणाली होती.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. माझ्या प्रार्थनेत समास येतात. तिची अगदी साधी: "प्रभू, तू जेवू घातलंस, पोट भरलं, तुझे उपकार मानते. उपाशी असेल त्यालाही दे. आमेन."

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी मला ताप होता. पेज घेऊन मी आतल्या खोलीत पडलो होतो. पत्नीला मधुमेह आहे. तिने नेहमीप्रमाणे जेवणाआधीचे इन्सुलिन टोचून घेतले आणि स्वयंपाकघरात स्वतःचे ताट वाढून घेतले. भांड्यांचा आवाज मी ऐकत होतो. मग तिची प्रार्थना ऐकू आली, "पोट भरलं, तुझे उपकार मानते." मीही अंथरुणातूनच आमेन म्हटले आणि निश्चिंत होऊन डोळे मिटले. तिचे जेवण झाले याचा त्या आमेनपेक्षा वेगळा पुरावा या घरात कधी कोणी मागितला नव्हता.

जाग आली तेव्हा ती दारात उभी होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, हात थरथरत होते.

"अहो, गाडी आली का खाली?"

"कसली गाडी?"

"आईकडे जायचंय ना."

तिची आई जाऊन कित्येक वर्षे लोटली आहेत. मी उठून बसलो.

"अगं, तू जेवलीस ना?"

"झालं की! उपकार मानले ना मी?"

मी भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर ताट नीट झाकून ठेवलेले होते. झाकण उचलले. भाकरी अखंड होती. मेथीच्या भाजीला बोट लागलेले नव्हते.

इन्सुलिन घेऊन जेवण केले नाही तर रक्तातली साखर उतरते आणि माणूस हातचा जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते. मी साखरेचा डबा शोधू लागलो. एकेक डबा उघडला, डाळ, रवा, मीठ. मग आठवले, पथ्याला बाधा नको म्हणून साखर आम्ही घरातूनच हद्दपार केली होती. त्या क्षणी मला जी भीती वाटली, तिच्यासाठी कोणत्याही कोशात शब्द नसावा. प्रार्थनासुद्धा सुचली नाही. मी अनवाणीच समोरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

शेजारीण बाहेर आली. मी "साखर" एवढेच म्हटले, तशी ती उलट फिरली आणि साखरेची बरणी घेऊन आमच्या घरात आली.

"काका, टेन्शन घेऊ नका. तुमी आधी बसा, नाहीतर दोघांना उचलावं लागेल मला." तिने पाण्यात साखर ढवळली. "काकू, आ करा. हळू. गिळा."

"माझं जेवण झालंय गं."

"बरं, झालं. हे सरबत आहे. मला नाही म्हणाल?"

पत्नी घोट घोट प्यायली. मी तिचा हात धरून बसलो. तो गार होता. बऱ्याच वेळाने तिच्या नजरेत ओळख परतली आणि ती म्हणाली, "तुम्ही असे अनवाणी का बसलात?"

शेजारीण हसली. मला हसता आले नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला तपासले. साखर उतरली की माणूस असे असंबद्ध बोलतो, असे त्यांनी सांगितले. पण माझ्या मनातला हिशेब वेगळा होता. प्रार्थनेतली तिची चूक साखर उतरण्यापूर्वीची होती. ताट समोर असताना पोट भरल्याचे उपकार मानले होते. मी तसे सांगताच डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. स्मरणशक्तीच्या तपासण्या करून घेऊ, असे ते म्हणाले. त्या अजून व्हायच्या आहेत.

त्या रात्री मी ताट वाढले. आशीर्वाद मागितला. मग ती जेवली आणि मी तिचा प्रत्येक घास पाहत राहिलो.

"असं काय पाहता? मी काय तुमच्या वर्गातली पोर आहे?"

"नाही गं."

भाकरीचा शेवटचा तुकडा संपला. तिच्या प्रार्थनेची वेळ झाली. ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिले. तिलाही कळले होते आणि तीही भ्यालेली होती, हे मला तेव्हा दिसले.

"आज तुम्ही म्हणा," ती हळूच म्हणाली.

मी हात जोडले. एकही समास आठवला नाही. "प्रभू, ती जेवली," एवढेच म्हणालो.  उष्टा हात तसाच माझ्या मनगटावर ठेवून तिने आमेन म्हटले.